पाद्री बसला की गाडी सुटते

डेपोत त्याला कुणीच नावाने हाक मारत नसे. नोकरीला लागला तेव्हा पहिल्याच महिन्यात त्याने रविवारची जादा पाळी नाकारली, उपासनेला जायचंय म्हणाला, आणि त्या दिवसापासून तो 'पाद्री' झाला तो झालाच. वसाहतीतल्या चर्चचे खरे पाळकसाहेब यावर हसायचे. "माझ्यापेक्षा तुझं प्रवचन जास्त लोक ऐकतात," ते म्हणायचे, "फक्त तू तोंड उघडत नाहीस एवढंच." तो होता ब्रेक फिटर. हात कोपरापर्यंत काळे, बोलणं बेताचं, आणि काम असं की नाव ठेवायला जागा नाही.

वसाहत डोंगराच्या माथ्यावर, कारखाना पायथ्याशी आणि मधे वळणावळणाचा उतार. कंपनीच्या बसेस माणसं खाली न्यायच्या आणि पाळी संपली की वर आणायच्या. चढताना इंजिन काय ते बघून घेतं, उतरताना मात्र सगळी भिस्त ब्रेकवर. तरुणपणी एकदा एका चालकाने नव्या ब्रेकची गाडी बाहेर काढता काढता पाद्रीला खोचकपणे विचारलं होतं, "काय रे, लागतील ना? की पोचवतोस तुझ्या देवाकडे?" पाद्रीने हात पुसले, गाडीत चढला आणि दाराजवळच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला. खालपर्यंत गेला आणि पायऱ्यांच्या वाटेने चढून परत कामावर आला. त्यानंतर ज्या गाडीच्या ब्रेकला त्याचा हात लागला, तिच्या पहिल्या फेरीला तो पुढे बसलाच. अंगात ताप असला तरी बसला.

हळूहळू चालकांना त्याची सवय झाली. गाडी दुरुस्तीतून बाहेर आली की एकच प्रश्न, "पाद्री बसला का?" बसला असेल तर गाडी सुटायची. कागदावर कुणाची सही आहे हे बघायच्या भानगडीत कुणी पडत नसे. पाद्री स्वतः कानीकपाळी ओरडायचा, "अरे, माझ्यावर जाऊ नका, खाली उतरून चाकं बघत जा." पण कोण उतरतो? साहेबाचा हुकूम एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडणारे चालक या माणसाच्या नुसत्या बसण्यावर जीव टाकायचे.

खरं सांगायचं तर पाद्रीला हे आवडायचं. माणूसच तो. त्याचे वडील म्हणायचे, काम असं कर की लोकांनी विचारावं, हा कुणाचा? म्हणजे कुठल्या देवाचा. लोक आता विचारत होते. पाळकसाहेबांनी एका रविवारी प्रवचनात त्याचं उदाहरण दिलं तेव्हा तो नव्या नवरीसारखा मान खाली घालून बसला, आणि बायकोने कोपराने ढोसून म्हटलं, "पुरे आता. आणखी फुगलात तर बाक मोडेल." बायकोचं तोंड असं फटकळ होतं. देवाने दोघांच्या वाट्याचं बोलणं तिलाच देऊन टाकलं होतं, आणि घर तिच्या बोलण्यावरच चालायचं.

मग एका वर्षी ब्रेक लायनरचा नवा माल आला. लायनर म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारी जाड पट्टी. कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होता, तेवढ्यात पाद्रीने झिजलेले जुने लायनर काढून सगळ्या बसेसना हे नवे बसवले, दवाखान्याच्या गाडीलासुद्धा. कारखाना उघडायच्या आदल्या सकाळी तो भोंग्याच्या रिकाम्या गाडीत पुढे बसला. भोंगा म्हणजे डेपोतला सगळ्यात तोंडाळ चालक. आवाज असा की हॉर्नची गरज नाही, आणि पाद्रीची चेष्टा केल्याशिवाय त्याला चहा जात नसे. "विचार तुझ्या देवाला, उताराला गिअर कुठला टाकू," असं म्हणतच त्याने गाडी सोडली.

पहिली वळणं बरी गेली. नंतरच्या तीव्र उतारावर भोंग्याने पाय दाबला, तर पेडल दगडासारखं आणि गाडी आपली चाललेलीच. खालचा गिअर पडेना. उजवीकडे दरी. भोंग्याने गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि तिची अख्खी कूस खडकावर घासत घासत कशीबशी थांबवली. काचा पाद्रीच्या मांडीवर पडल्या. भोंग्याची वाचा बसली होती. चाक उघडून बघितलं तर लायनर तापून आरशासारखा गुळगुळीत झालेला.

पाद्रीने त्या दिवशी सगळ्या गाड्या उभ्या केल्या. म्हणजे त्याने काहीच केलं नाही, फक्त तो बसला नाही.

मॅनेजरसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, दार लावून घेतलं. साहेब वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ते दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते.

"चांगला माल मागवलाय," साहेब म्हणाले. "पण यायला वेळ लागेल. वरून दर तासाला फोन येतोय. कारखाना माणसांवाचून थांबला तर मला काढतील आणि दुसऱ्याला आणतील. तो तुम्हाला विचारायलासुद्धा थांबणार नाही."

"साहेब, गाडी थांबत नाही. तुम्ही लायनर बघितलात."

"बघितला. हळू उतरतील. पहिल्या गिअरमध्ये उतरतील. मी स्वतः चालकांना बजावतो. पण ते मला विचारतात, पाद्री बसला का? आता काय सांगू त्यांना?" साहेबांचा आवाज रडवेला झाला होता. "तुम्हाला सही करायची नाही. काही बोलायचं नाही. फक्त बसायचं."

"मी बसलो म्हणजे मी बोललोच की साहेब."

साहेबांनी धमकी दिली नाही. "एवढी वर्षं तुमच्या शब्दाला वजन आलं ना फिटर," ते शेवटी म्हणाले, "ते याच दिवसासाठी कामाला येत नसेल तर काय उपयोग?" जे त्याने देवाचं देणं म्हणून जपलं होतं, ते कुणीतरी उसनं मागत होतं, आणि ते देता येण्यासारखं होतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

वसाहतीने मात्र त्याला चांगलाच इंगा दाखवला. कामगारांना पायऱ्यांनी उतरावं लागायचं. उशीर झाला की हजेरी बुडायची, आणि दिवसभर राबून पुन्हा तोच डोंगर चढायचा. ज्यांचे गुडघे गेले होते ते घरीच बसले. दूध वर येईना, भाजी येईना. कालपर्यंत पाद्रीला वाट करून देणारी माणसं आता त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलायची. "देव काय याला एकट्यालाच भेटलाय? साहेब म्हणतो हळू जा, चालक म्हणतात जातो, आणि हा बसलाय अडून. म्हणजे बसत नाहीये." यावर लोक हसायचेसुद्धा. चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनीही त्याला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा रे, कामातून देवाची साक्ष देणं ठीक आहे, पण एवढं ताणू नये.

बायको नळावरून हंडा घेऊन आली आणि दारातच टेकली. "आज काय बडदास्त म्हणून सांगू," ती म्हणाली. "अख्खा नळ मला एकटीला. कुणी जवळसुद्धा आलं नाही." ती हसली, पण एक हात पोटावर दाबलेला होता. पाद्रीने तो बघितला आणि बघितला नाही. त्याच्या डोक्यात साहेब होते, चालक होते, आपण बरोबर की चूक हे होतं. 'काय होतंय तुला?' एवढं विचारायला काही लागत नाही. त्याने विचारलं नाही, आणि तिने दोन दिवस पोटातली कळ आणि डोक्यावरचा हंडा दोन्ही वागवलं. त्याला आणखी घोर नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती चुलीपुढे कोसळली. शेजारणीने बोलणं टाकलं होतं, पण धावत डेपोत येऊन त्याला सांगितलं तिनेच. पाद्रीने बायकोला उचलली आणि दवाखान्यात नेली. सिस्टरने पोटाला हात लावला तशी ती किंचाळली. पोट लाकडासारखं कडक झालं होतं, अंग चटके देत होतं.

"अपेंडिक्स फुटलंय बहुतेक," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याकडे सलाईनपलीकडे काही नाही. खाली ऑपरेशन व्हायला पाहिजे. आत्ता. संध्याकाळपर्यंत थांबलात तर मी काहीच सांगू शकत नाही."

खालच्या हॉस्पिटलला फोन लावला. त्यांची गाडी लांबच्या गावाला गेली होती, संध्याकाळशिवाय येणार नव्हती. साहेबांची जीप सकाळीच वरिष्ठांना आणायला खाली गेली होती. उरली दवाखान्याची गाडी. ती समोर वर्कशॉपमध्ये ठोकळ्यांवर उभी होती, चारही चाकं काढलेली. ती काढून भिंतीला नीट रांगेत लावून ठेवणारा दुसरा तिसरा कुणी नव्हता, पाद्रीच होता.

पाद्री दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिला. रस्त्यापलीकडे बसेस ओळीने उभ्या होत्या. सावलीत चालक पत्ते कुटत होते. फाटकापाशी दुपारच्या पाळीची माणसं डबे घेऊन जमली होती, पायऱ्यांची वाट धरायच्या आधी शिव्या घालून घेत होती. त्याने प्रार्थना केली. म्हणजे केली असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात तो एवढंच म्हणत होता, ही नको, ही नको, माझं दुसरं काहीही ने. वरून काही उत्तर आलं नाही. आतून बायकोचं कण्हणं तेवढं आलं.

भोंग्याची गाडी फुटल्यापासून त्याला ओळीतली पहिली बस दिली होती. पाद्रीने बायकोला तिच्यात नेऊन मागच्या लांब सीटवर आडवी केली. सिस्टर सलाईनची बाटली धरून तिच्या उशाशी बसल्या. पाद्रीही तिथेच बसू शकला असता, पण मागे बसलेल्या पाद्रीला कुणी विचारणार नव्हतं. तो उठला, सीटांच्या मधून चालत पुढे आला, आणि दाराजवळच्या सीटवर बसला. चुकून नव्हे, सवयीने नव्हे. आपण काय करतोय हे त्याला लख्ख कळत होतं.

"पाद्री बसला!"

कोण ओरडलं कोण जाणे. पत्ते उधळले गेले. फाटकातली माणसं धावत आली, बघता बघता बस भरली, मागच्या बसेसही भरू लागल्या. ज्यांनी सकाळी त्याला शिव्या घातल्या होत्या त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "आला बाबा वळणावर," एकजण म्हणाला, आणि गाडीभर हशा पिकला. ओळीतली शेवटची बस सुरू झाली, मग तिच्या पुढची. प्रत्येक इंजिनाच्या आवाजाबरोबर पाद्रीच्या मानेवर घाम फुटत होता, पण तो उठला नाही. हळू जातील, तो मनाशी म्हणत होता. पहिल्या गिअरमध्ये जातील. साहेबांचे सगळे शब्द त्याला आता पटत होते.

भोंगा उडी मारून आपल्या सीटवर बसला. चेहरा नुसता फुलला होता. "आले वाटतं नवे लायनर! अरे, सांगायचंस तरी."

"आले," पाद्री म्हणाला.

"कधी आले?"

"आले म्हणून सांगतो ना. बसवले. वहिनी आजारी आहे तुझी, चल लवकर."

"चाललोच. पण सगळ्या गाड्यांना बसवले? एवढ्यात?"

"देवाशपथ बसवले," पाद्री म्हणाला.

भोंग्याचा हात चावीवरच थांबला. डेपोत शपथेला तोटा नव्हता. आईची, पोरांची, डोळ्यांची, ज्याला जी सुचेल ती. चहाची उधारी बुडवतानाही लोक शपथा घ्यायचे. हा एकच माणूस असा होता की ज्याला कधी शपथ लागली नव्हती. हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही. भोंग्याने त्यावरून त्याची किती टिंगल केली होती. तो आता पाद्रीच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि पाद्री समोरच्या काचेतून रस्त्याकडे.

भोंगा खाली उतरला. पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. चाकाच्या नटांवर बोट फिरवलं. लायनर बदलायचे तर चाक काढावं लागतं, चाक काढायचं तर नट उघडावे लागतात, आणि या नटांवर उभ्या गाडीची धूळ जशीच्या तशी बसली होती. त्याने मागचं चाक बघितलं. मग शेजारच्या गाडीचं बघितलं. परत चढला, चावी काढली आणि खिशात घातली.

"उतर," तो म्हणाला.

"भोंग्या, पाया पडतो."

"उतर म्हणतो ना." आणि वळून त्याने आपला तो भोंग्याचा आवाज काढला. "ही गाडी जात नाही! कुठलीच जात नाही! सगळे खाली उतरा!"

एकच गलका झाला. पाद्री उठला आणि त्याने भोंग्याची कॉलर धरली. आयुष्यात त्याने कुणावर हात टाकला नव्हता. तो खिशातली चावी ओढायला लागला. शर्ट टरकन फाटला. "मी बसलोय ना! माझ्या शब्दावर चालवायचास ना तू गाडी? मग चालव! मी सांगतो चालव!" मग हातातलं बळ सरलं, आणि त्याने तिथेच, पायरीपाशी, सगळ्या माणसांदेखत भोंग्याचे पाय धरले. "ती मरेल रे. मी एकटा पडेन. तुला काय जातंय, चालव ना."

मागच्या बसेसची इंजिनं एकेक करून बंद झाली. आता सगळ्यांना सगळं कळलं होतं.

भोंग्याचे डोळे भरून आले होते, पण पाय हलले नाहीत. "त्या उतारावर तू माझ्या बाजूला होतास," तो म्हणाला. "गाडी कशी चालली होती ते आपण दोघांनीच बघितलंय. त्यात वहिनींना घालू? या माणसांना घालू? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर एखाद्या वेळी नेलीही असती मी. पण तू सांगतोस म्हणून नाही नेणार. तू शिकवलंयस मला." आणि मग माणसांकडे वळून ओरडला, "बघत काय उभे राहिलात? दवाखान्यातली खाट आणा!"

खाट आली. चार चालकांनी उचलली, भोंगा पुढे उजव्या खांद्याला. पायऱ्यांची वाट तासाभराची. एक चौकडी दमली की दुसरी खांदा द्यायची, आणि डबे घेऊन कामावर निघालेली माणसं डबे वाटेतल्या दगडांवर ठेवून पाळी करायची. कुणी कुणाला बोलावत नव्हतं. भोंग्याने मात्र खांदा सोडला नाही. बदली करायला आलेल्याला तो मानेनेच नको म्हणायचा. पाद्री बाजूने सलाईनची बाटली उंच धरून चालत होता आणि त्याच्या मनात एकच हिशेब चालू होता. बस आता शेवटच्या वळणावर असती. बस आता पोचली असती. त्याला भोंग्याचा फाटका शर्ट दिसत होता, आणि त्या पाठीत काहीतरी खुपसावं असं वाटत होतं. एवढी माणसं आपल्या बायकोला वाहून नेतायत याचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. बहुतेक वेळा अशी गाडी हळूहळू उतरून खाली पोचतेही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

अर्ध्या वाटेवर तिने डोळे उघडले. "कुठे नेताय?"

"खाली. हॉस्पिटलात," पाद्री म्हणाला.

"बसमध्ये होते ना मी?"

खाटेखालून भोंगा धापा टाकत म्हणाला, "बसचे ब्रेक खराब आहेत वहिनी."

"मग हे पुढे जाऊन कसे बसले?" ती म्हणाली.

खाट उतरत राहिली. तिने चाचपडत हात खाटेबाहेर काढला आणि पाद्रीच्या बोटांना धरलं. ते धरणं कसलं आहे हे त्याला कळेना, पण तिची बोटं भट्टीतून काढल्यासारखी तापली होती आणि नंतर ती ढिली पडली.

हॉस्पिटलच्या सर्जनांनी पोट बघितलं, परिचारिकेला भराभर काहीतरी सांगितलं आणि आत जाता जाता पाद्रीकडे वळून म्हणाले, "फार उशीर केलात." दार बंद झालं. बाकीचे चालक बाहेर अंगणात जाऊन बसले. दारासमोरच्या बाकावर दोघंच उरले. भोंग्याच्या खांद्याची साल निघाली होती आणि रक्त फाटक्या शर्टाला चिकटलं होतं. 'उशीर' हा शब्द त्यानेही ऐकला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ऐकणाऱ्याला उगाच टांगून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगून टाकलेलं बरं. बाई वाचल्या. पण अगदी थोडक्यात वाचल्या, आणि ते कळायला पुढचे कितीतरी दिवस जायचे होते. त्या बाकावर हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ती गेली," भोंगा हळूच म्हणाला, "तर तू मला माफ करू नकोस."

"नाही करणार," पाद्री म्हणाला. ते खरं होतं, आणि भोंग्याने मान हलवली.

आतून भांड्यात काहीतरी टाकल्याचा आवाज यायचा आणि दोघंही दचकायचे.

"तू प्रार्थना का करत नाहीस?" भोंगा म्हणाला. "एरवी चहाच्या आधीसुद्धा करतोस."

"येत नाहीये."

"म्हणजे?"

"येत नाहीये. मी बसलो ना तिथे. त्याचं नाव घेऊन खोटं बोललो. एवढी माणसं मारायला निघालो होतो मी. आता कुठल्या तोंडाने मागू?" तो गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला, मोठ्याने, लाज न बाळगता, आणि जाणारे येणारे बघत होते. "सगळं घालवलं रे मी. एवढी वर्षं एकेक नट आवळून जमवलेलं, सगळं एका बसण्यात घालवलं."

भोंग्याने त्याला रडू दिलं. मग घसा खाकरला. "सुरुवातीला काय म्हणायचं असतं?"

"काय?"

"तुला येत नसेल तर मी करतो. सुरुवात सांग. काय म्हणून हाक मारायची?"

पाद्रीने डोकं वर केलं. भोंगा चेष्टा करत नव्हता. डोळे मिटावेत की नाही हे न कळून त्याने एकच मिटला होता.

"बापा म्हणतात," पाद्री म्हणाला.

"बापा," भोंगा म्हणाला. हळू बोलायची सवयच नव्हती, त्यामुळे पार टोकाच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. "बापा, मी भोंगा. वरच्या डेपोतला. आपली ओळख नाही. हा माझ्या शेजारी बसलाय त्याला तू ओळखतोस. हा आज एकदा खोटं बोलला. तेही धड जमलं नाही त्याला. पाया पडला माझ्या, तरी मी गाडी काढली नाही. का काढली नाही, तर याच्याबरोबर इतकी वर्षं काढली म्हणून. मला काही अक्कल नव्हती, ही याने लावली, आणि याला तू लावलीस असं हा म्हणतो. आता वहिनी आत आहेत. मी केलं ते चूक निघालं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. मग ते चूक नाही असं तू बघ. तुझ्या जिवावर केलंय मी ते."

त्याला धाप लागली. तो थांबला.

"आमेन म्हणायचं असतं," पाद्री म्हणाला.

"थांब रे," भोंगा म्हणाला. "माझं झालं नाही अजून."